लोकल अनट्रेन्ड पर्सन

"परत एकदा वाचा," रत्नदीप म्हणाला.

कौस्तुभने परत वाचलं. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागे बसून दिवसाला चाळीस जॉबकार्डं वाचणाऱ्या माणसाच्या आवाजात जेवढा भाव उरतो, तेवढाच त्याच्या आवाजात होता. "ईसीएम मॉड्यूल फाउंड टॅम्पर्ड बाय लोकल अनट्रेन्ड पर्सन. वॉरंटी रिजेक्टेड. म्हणजे काय झालंय सर, की बाहेरच्या कुणीतरी गाडीचा तो कंट्रोल बॉक्स उघडला आणि..."

"विंग्रजी कळतं मला. आयटीआय हाय माझा. त्यातला लोकल पर्सन म्हंजे कोन?"

"नाव नसतं त्यात. ते जनरल असतं."

"आख्ख्या मुठा खोऱ्याला कळलं कोन ते. तुमालाच तेवढं कळंना."

कौस्तुभने स्क्रीनकडे पाहिलं. अवघड गिऱ्हाईक समोर असलं की तो स्क्रीनकडे पाहायचा, आणि स्क्रीन बहुतेक वेळा त्याच्या बाजूने असायची.

रत्नदीप ओव्हाळ पिरंगुटला, उरवड्याकडे वळणाऱ्या फाट्यावर, सव्वीस वर्षं गाड्यांचा वायरमन होता. दहा बाय बाराचं दुकान, दारात जुन्या बॅटऱ्या, भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या बावीस प्रतिज्ञा. सूसच्या पलीकडच्या या काचेच्या सेंटरमध्ये तो आज पहिल्यांदाच आला होता. त्याच्या मागे सोफ्यावर, कॉफीच्या मशीनशेजारी, कोंडाजी वाळंज बसले होते. वय सदुसष्ट, राहणार मुठा. पिकअप त्यांचीच. चपला त्यांनी काचेच्या दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. फरशीत तोंड दिसायला लागलं की कोंडाजी चपला काढत, मग ते देऊळ असो की बँक.

पिकअप चौदा महिन्यांची होती. पुण्याची माणसं खोऱ्यात बंगले बांधून शनिवार-रविवार निसर्गात राहतात, आणि त्या निसर्गाला शेणखत लागतं. ते कोंडाजी पोचवायचे. मागच्या पंधरवड्यात मुठ्याच्या चढाला गाडी तीनदा बंद पडली. कोंडाजींनी ती फाट्यावर आणली. रत्नदीपने बॉनेट न उघडता स्टेअरिंगखाली स्कॅनर लावला, आणि त्यात जे दिसलं ते पाहून हात मागे घेतला. "तात्या, डबा गेलाय. मी ह्याला हात लावनार न्हाई, वॉरंटी हाय तुमची. सेंटरला न्या, फुकाट बदलून देतील," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत जे थोडे डबे त्याने उघडले नव्हते, त्यातला हा एक. नेमका त्याच डब्यासाठी त्याच्यावर कागद निघाला.

कागद कोंडाजींना वाचता येईना. त्यांनी त्याचा फोटो काढून पुतण्याला, इंद्रजितला पाठवला. इंद्रजितने तो पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडल्याचं चित्र टाकून. तेव्हापासून दोन दिवस रत्नदीपच्या दुकानात कुणी नवं आलं नाही, आणि आधी दिलेले दोन स्टार्टर मालक येऊन परत घेऊन गेले. दोघांनीही घरी लग्न असल्याचं सांगितलं. स्टार्टर लग्नाला कशाला लागतो हे रत्नदीपने विचारलं नाही.

कागदावर नाव नव्हतं हे खरं. पण कागदावर फोटो होता. काळा-पांढरा, धुरकट, त्यात डब्याच्या चार कोपऱ्यांतले चार बोल्ट आणि त्यांच्याकडे जाणारे चार बाण. खाली लिहिलं होतं, रेड मार्किंग ऑन ऑल बोल्ट्स. आणि लाल खूण म्हणजे रत्नदीप, हे मुळशी तालुक्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. तो जे उघडायचा त्याच्या प्रत्येक स्क्रूवर काम झाल्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. त्याने स्क्रू सैल होत नाही, हे एक. दुसरं असं, की उद्या कुणी विचारलं, हे तू उघडलंस का, तर हो म्हणायची सोय राहते. ठिपका नसेल तर नाही म्हणायचीही. नेलपॉलिश मोनिकाचं असायचं. मोनिका, त्याची बायको, अंगणवाडीत होती. तिच्या नखांना वर्षातून दोनदा लागलं तर लागायचं, बाकी सगळी बाटली तालुक्यातल्या स्क्रूंना.

आज सकाळी तो निघाला तेव्हा ती म्हणाली होती, "भांडायला चाललायसा तर चांगला शर्ट घाला."

"भांडायला न्हाई चाललो. इचारायला चाललोय."

"मग तर घालाच."

तर आता त्या चांगल्या शर्टात तो काउंटरला दोन्ही कोपरं टेकून उभा होता.

"लोकल पार्ट म्हंजे डुप्लिकेट," तो म्हणाला. "लोकल ऑइल म्हंजे भेसळ. तसा लोकल पर्सन म्हंजे काय?"

"तसं नाही हो सर. लोकल म्हणजे फक्त, इथला."

"मग बराबर हाय. मी हितलाच. तुमी कुटले?"

"मी बाणेरला राहतो. मूळचे आम्ही सांगलीकडचे."

"म्हंजे तुमी लोकल न्हाई."

"नाही."

"आन ट्रेन्ड?"

"माझं एमबीए झालंय," कौस्तुभ म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्यालाच ते नको होतं असं वाटलं.

रत्नदीपने समजल्यासारखी मान हलवली. "डबा दाखवा."

"तो नाही दाखवता येत. रिजेक्ट झालेला पार्ट आत वेगळा ठेवतात."

"वॉरंटीत बदलला असता तर जुना डबा कंपनीचा. व्हय ना? तुमी वॉरंटी नाकारली. मग डबा कुनाचा?"

कौस्तुभने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"मालकाचा. मालक त्यो बघा बसलाय. त्याची वस्तू त्याला द्या. मी काय मागतच न्हाई."

यावर काय उत्तर द्यायचं हे स्क्रीनवर नव्हतं. कौस्तुभने आत फोन केला. आतल्याने आणखी आत केला. कुठल्या तरी फॉर्मवर कुणाची तरी सही लागणार होती आणि तो माणूस जेवायला गेला होता. "सर, तुम्ही बसा ना. कॉफी घ्या."

"मी बसलो की तुमी इसरनार," रत्नदीप म्हणाला आणि पन्नास मिनिटं उभा राहिला. त्याच्या मागे रांग झाली. रांगेतल्यांना त्याने हाताने बाजूने जायची वाट करून दिली, पण काउंटरवरची कोपरं उचलली नाहीत. सोफ्यावरून कोंडाजी अधूनमधून म्हणत, "बस की रं," आणि तो अधूनमधून म्हणे, "बसा तुमी तात्या." दोघांमध्ये सकाळपासून एवढंच बोलणं झालं होतं. तुला म्हणून विचारतो, तू उघडला न्हाईस ना, हे कोंडाजींनी परवा फोनवर विचारलं होतं, आणि न्हाई हे उत्तर ऐकून घेतल्यावर थोडा वेळ फोन नुसताच धरून ठेवला होता. ती गप्प राहण्याची वेळ रत्नदीपने मोजली नव्हती, पण ती त्याच्या लक्षात राहिली होती.

शेवटी ऋषिकेश डबा घेऊन आला. ऋषिकेश आतला टेक्निशियन, करड्या गणवेशातला, तिशीच्या आतला. डबा प्लास्टिकच्या पिशवीत होता. त्याने तो पोलिसांनी पुरावा ठेवावा तसा काउंटरवर ठेवला.

रत्नदीपने पिशवी उघडली, पण डब्याला लगेच हात लावला नाही. आधी वाकून पाहिलं. चारही बोल्टच्या जागी लाल होतं. ठिपका नव्हे, फराटा. बोट टेकवून वर ओढल्यासारखा. त्याने मान वर केली आणि विचारलं, "नेलपॉलिश पान्यानं धुतलं तर जातं का?"

ऋषिकेशने कौस्तुभकडे पाहिलं. कौस्तुभने रिसेप्शनच्या सायलीकडे. सायलीची नखं जांभळी होती.

"नाही जात," ती म्हणाली. "रिमूव्हर लागतं. नाहीतर खरवडायचं."

"ह्या बाईंना माहीत हाय," रत्नदीप म्हणाला. त्या इमारतीत या विषयातली ती एकटीच ट्रेन्ड पर्सन होती. त्याने पाण्याच्या मशीनखाली अंगठा धरला, ओला केला, परत आला आणि एका बोल्टवरून तो एकदाच फिरवला. मग अंगठा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. मतदान करून आलेला माणूस धरतो तसा. अंगठा लालभडक झाला होता आणि बोल्ट कोरा.

"ह्ये माझं न्हाई," तो म्हणाला.

त्याने डबा उलटा केला. मागच्या बाजूला, जिथे वायरींचा मोठा जोड बसतो, तिथल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. त्यांच्यावर गुळासारखं काहीतरी चिकट वाळलं होतं, आणि त्या चिकटात, पाणी अडवणाऱ्या रबराच्या कडेकडेने, मेलेल्या मुंग्या ओळीने बसल्या होत्या. रबर कुरतडलेलं होतं. रत्नदीपने नाक जवळ नेलं.

"पाणी गेलंय आत," ऋषिकेश हळूच म्हणाला.

"गोड पाणी," रत्नदीप म्हणाला.

"पण मग हे लाल काय आहे?" कौस्तुभने विचारलं.

रत्नदीपला ते कळलं होतं. अंगठा वर धरला तेव्हाच कळलं होतं, आणि तेव्हापासून तो सोफ्याकडे पाहायचं टाळत होता. पण कोंडाजी तोवर उठून आले होते. त्यांनी खिशातून चष्मा काढला, एक काडी कानावर अडकवली, डबा निरखला, आणि गर्दीत ओळखीचं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"आरं, ह्ये तर कुकू हाय. मीच लावतो की. दर अमावशेला."

मग त्यांनी पुढचंही सांगितलं. बॉनेट उघडायचं, डबा फडक्यानं पुसायचा, चार कोपऱ्यांना कुंकवाची बोटं, नारळ फोडला की त्यातलं थोडं पाणी डब्यावर, आणि वर चिमूटभर साखर. एकही अमावास्या चुकली नव्हती. मागच्या महिन्यात ताप होता, तर नातीला सांगून करून घेतलं होतं.

"पण काका," कौस्तुभ म्हणाला, "तुम्ही ईसीएमला नारळ का फोडता?"

कोंडाजींना प्रश्नच कळला नाही. "म्हंजे? ह्यानंच सांगितलं हुतं ना. त्यो देव हाय म्हून."

आता सगळे रत्नदीपकडे पाहू लागले. सायलीसुद्धा.

सांगितलं होतं. गाडी नवी घेतल्या दिवशी कोंडाजी ती दाखवायला फाट्यावर आले होते. खोऱ्यातली नवी गाडी आधी घरच्यांना दाखवतात आणि मग रत्नदीपला. बॉनेट उघडून त्यांनी एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारलं होतं, ह्ये काय, आन ह्ये काय. या डब्यापाशी आल्यावर रत्नदीप म्हणाला होता, कंप्युटर. ते त्यांना पटलं नाही, कंप्युटर बँकेत असतो. मग म्हणाला, मेंदू. तेही पटलं नाही, मेंदू असता तर गाडीने डायवर कशाला ठेवला असता. रत्नदीपच्या हातात तेव्हा एका टेम्पोचा अल्टरनेटर होता आणि टेम्पोवाला डोक्यावर उभा होता. तो म्हणाला, "देव समजा तात्या. सगळी गाडी ह्याच्या हातात. ह्यो रुसला की गाडी जाग्यावर. ह्याला कदी उघडायचं न्हाई." कोंडाजींनी ते पटल्यासारखी मान हलवली, आणि तंतोतंत पाळलं. त्यांनी डबा कधीच उघडला नाही.

ज्याच्या बापाने घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, जो दसऱ्याला हत्यारांची पूजा न करता त्यांना तेल देतो, त्या रत्नदीप ओव्हाळने बोलता बोलता मुठा खोऱ्यात एक नवा देव बसवला होता. त्याला चौदा महिने नैवेद्यही मिळत होता.

त्याला अजून निघता आलं असतं. अंगठा लाल होता, डब्यावर त्याची खूण नव्हती, ज्यासाठी तो आला होता ते झालं होतं. म्हातारा काहीतरी चुकीचं समजला, एवढं म्हटलं असतं तरी सगळ्यांना पटलं असतं. कौस्तुभ तर ते वाक्य टाइप करायला बोटं तयार ठेवूनच होता.

"म्हनलो हुतो," रत्नदीप म्हणाला. "लिहा. डबा मी उघडला न्हाई. पन त्याला देव म्हनलो, ती चूक माझी. तिथं लोकल पर्सन नका लिहू. रत्नदीप ओव्हाळ लिहा, पिरंगुट फाटा. जे केलं न्हाई ते माझ्या नावावर नको, आन जे केलं त्ये बिननावाचं नको."

कौस्तुभने स्क्रीनवर कारणांची यादी उघडली. अपघात, पूर, उंदीर, आग, अनधिकृत हस्तक्षेप. त्याने ती वरपासून खालपर्यंत नेली आणि परत वर आणली.

"यात देव नाहीये, सर," तो म्हणाला.

"मग कायतरी दुसरं बगा."

"लिक्विड इन्ग्रेस आहे, म्हणजे आत पाणी जाणं. पण ते ओनर निग्लिजन्समध्ये येतं. म्हणजे काका, वॉरंटी तरीही मिळणार नाही."

"निग्लि काय?" कोंडाजींनी विचारलं.

"हयगय," रत्नदीपने सांगितलं.

कोंडाजींनी चष्मा काढला. त्यांना माणसं काय काय बोलली असतील, आडमुठा म्हणाली असतील, चिकट म्हणाली असतील, पण हयगय हा शब्द त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. "मी?" ते म्हणाले. "म्हशीचं सुदिक येवढं केलं न्हाई मी." आणि ते डब्याकडे नुसते बघत राहिले. आता त्यांनाही कळलं होतं. आपणच.

ते पाहिलं आणि इतका वेळ विचारायला आलेला रत्नदीप भांडायला लागला.

"ह्ये काय हाय?" त्याने कौस्तुभच्या स्क्रीनच्या वरच्या कडेकडे बोट केलं.

तिथे कुंकवाचं बोट होतं, वाळून तपकिरी झालेलं. शेजारी झेंडूची एक पाकळी चिकटपट्टीखाली अडकून राहिली होती.

"ते दसऱ्याचं आहे. सगळ्या मशिनरीला लावतात."

"गाडी दिली त्या दिवशी म्होरं नारळ कुनी फोडला? बॉनेटवर कुकवाचं स्वस्तिक कुनी काढलं? तात्या, फोन काडा. फोटो हाय त्यात, ह्यांच्याच कंपनीच्या सायेबाच्या बाजूला तुमी हार घालून हुबं हाय."

"सर, पण ते बाहेरून होतं."

"बाहेरनं चालतं आन आतनं चालत न्हाई, ह्ये पुस्तकात दाखवा."

गाडीबरोबर मिळणारं पुस्तक दोनशे बारा पानांचं होतं. त्यात डिझेल कुठे सांडू नये, बॅटरीचं ॲसिड कुठे लावू नये, पक्ष्यांची विष्ठा रंगावर किती वेळ राहू देऊ नये, हे सगळं होतं. ऋषिकेशने ते मनापासून चाळलं. नारळाविषयी कंपनीने काहीच म्हटलं नव्हतं.

"न्हाई ना? मग हयगय तुमची. कुकू लावलेली गाडी तुमी दिली. म्हातारा म्हनला, कंपनी लावती, मीबी लावतो. आता लिहून द्या कागदावर, की पूजा केली म्हून वॉरंटी नाकारली. शिक्का मारून द्या. त्यो कागदबी आमी गुरुपवर टाकू."

रांगेतल्या एका माणसाने फोन वर धरला. मग दुसऱ्याने. काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आला. त्याचं नाव पियूष. तो काउंटरपर्यंत येईतो हसत होता, आणि कौस्तुभने कानात दोन वाक्यं सांगितल्यावरही हसत राहिला, फक्त त्याचा रंग बदलला.

"पूजा की वजह से रिजेक्ट? लेखी?" तो कौस्तुभला हळू म्हणाला. "उद्या गेटवर मोर्चा येईल माझ्या. सील कसं आहे बॉक्सचं?"

"मुंग्यांनी खाल्लंय, सर."

"मुंगी खाते म्हणजे सीलच वीक. मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट. ॲप्रूव्ह कर. काका, नमस्कार. नवीन मॉड्यूल स्टॉकमध्ये आहे. आजच बसवून देतो."

दोन दिवस जे होत नव्हतं ते पाच मिनिटांत झालं. कुंकू हा शब्द कुठेही लिहायला लागू नये, एवढ्यासाठी एका मोठ्या कंपनीने आपला माल खराब असल्याचं लिहून दिलं. नारळाची बाजू घेऊन रत्नदीप जिंकला होता. हे घरी मोनिकाला कसं सांगायचं, हा विचार त्याने तूर्त पुढे ढकलला.

"ते आधीचं वाक्य मी काढून टाकतो, सर," कौस्तुभ म्हणाला.

"काडू नका."

"का?"

"ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातनं कसं काडनार? ते तसंच ठिवा. त्याच्या खाली लिहा, वरचं चुकीचं हाय. रत्नदीप ओव्हाळनं डबा उघडलेला न्हाई. मराठीत लिहा. आन शिक्का."

कौस्तुभने लिहिलं. मराठी टाइप करताना त्याला वेळ लागला, आणि ओव्हाळमधला ळ सापडेपर्यंत रत्नदीप थांबला. कागद निघाला. त्याने तो उभ्यानेच दोनदा वाचला आणि कोंडाजींकडे दिला. कोंडाजींनी वाचला नाही. फोटो काढला, पुतण्याला फोन लावला, आणि सबंध सेंटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इंद्रजित, पाठवलंय ते टाक गुरुपवर. आन ह्या टायमाला हात जोडू नगंस. नुसतं टाक."

फोन खिशात ठेवून ते रत्नदीपजवळ येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं. पण माफी मागायची कोंडाजींना सवय नव्हती. ज्याच्या बाबतीत ते चुकत, त्याच्यावर ते आणखी एक काम टाकत, आणि त्याने त्यातून समजून घ्यायचं असे.

"डबा ह्यो बसवल," ते मॅनेजरला म्हणाले.

"काका, बाहेरच्या माणसाला वर्कशॉपमध्ये अलाउड नाही. आमचा ऋषिकेश बसवेल."

"बाहेरचा म्हंजे?"

"म्हणजे, आपल्या स्टाफचा नाही असा."

"गाडी माझी हाय का कंपनीची?"

"तुमचीच."

"मग ह्यो बसवल. न्हाईतर राहूद्या हितंच. मला काय, शेण आठ दिवस थांबतंय. तुमच्या दारात माझी गाडी थांबली तर लोक इचारतील, का थांबली. मी सांगीन."

मॅनेजरने रांगेतल्या फोनांकडे पाहिलं. ते अजून खाली झाले नव्हते.

रत्नदीपला एक नारिंगी बंडी देण्यात आली. पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, व्हिजिटर. चांगल्या शर्टावर त्याने ती चढवली आणि ऋषिकेशबरोबर आत गेला. कोंडाजींना पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबवण्यात आलं.

आत रुग्णालयासारखी शांतता होती. पिकअप आपल्या जागेवर बॉनेट उघडं ठेवून उभी होती. रत्नदीपने हात धुतले, पुसले, बॅटरीची तार सोडवली. वायरींच्या मोठ्या जोडातल्या पिना एकेक करून पाहिल्या. दोन काळपटल्या होत्या, त्या ऋषिकेशकडून स्प्रे मागून घेऊन साफ केल्या. डब्याखालचा पत्रा धुतला, साखरेचा कणही ठेवला नाही. अर्थिंगच्या तारेखालचा रंग घासून चकचकीत केला. हे कुठल्याही यादीत नव्हतं. ऋषिकेश बघत होता, मग त्याने टॉर्चचा प्रकाश धरला. नवा डबा बसला, चार बोल्ट आवळले गेले, जोडाचा खटका पडला. तो आवाज दोघांनीही ऐकला आणि दोघांचीही मान एकाच वेळी हलली.

"तुम्ही छान बसवलंत," ऋषिकेश म्हणाला. "आता कोडिंग."

डबा नवा म्हणजे कोरा. त्याला गाडीचा नंबर सांगायचा, किल्ली ओळखायला शिकवायची, डिझेल फवारणाऱ्या चार इंजेक्टरांचे चार कोड भरायचे. रत्नदीपने बॅटरीची तार परत जोडली. ऋषिकेशने इंजेक्टरांवरच्या लेबलांवरून कोड हातावर लिहून घेतले. तिसऱ्याचं लेबल काजळलेलं होतं, ते त्याने डोळे बारीक करून वाचलं. मग लॅपटॉप उघडून तो ट्रॉलीवर ठेवला, केबल जोडली, आणि बोटं कीबोर्डवर नेताना थबकला. कंपनीचा पासवर्ड होता. बाहेरच्याला तो दिसू द्यायचा नाही असा नियम होता, आणि ज्या माणसाने आत्ताच त्याला अर्थिंगची तार घासायला शिकवली होती त्याला हे कसं सांगायचं ते त्याला कळेना. त्याने लॅपटॉप थोडासा, चारपाच अंश, स्वतःकडे फिरवला.

रत्नदीपने ते पाहिलं. तो वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी होती आणि ती कशी वापरायची याची चित्रं होती. त्याने ती चित्रं वाचली. मागे कीबोर्डच्या कळा वाजत होत्या. सव्वीस वर्षांत त्याने कुणाची गाडी पाठमोरं उभं राहून सुरू केली नव्हती. बोल्ट त्याचे होते, तारा त्याच्या होत्या, पण शेवटचं वीतभर काम त्या काचेत होतं आणि ती काच त्याच्यासाठी नव्हती. फाट्यावर येणाऱ्या गाड्या दर वर्षी नव्या होत होत्या. हे त्याला आज कळलं असं नाही. आज त्याला त्याकडे पाठ करून उभं राहावं लागलं, एवढंच.

"स्टार्ट देतो," ऋषिकेश म्हणाला.

इंजिन सुरू झालं. पिवळ्या पट्ट्यापलीकडून कोंडाजींचा आवाज आला, "झाली, झाली."

"न्हाई झाली," रत्नदीप भिंतीकडे पाहत म्हणाला. "चारातला एक जन लंगडतोय."

"आयडलिंग नॉर्मल दाखवतंय, सर."

"दाखवू दे."

ऋषिकेशने कान दिला. त्याला काही ऐकू आलं नाही. त्याने परत स्क्रीन पाहिली, तीही काही बोलली नाही.

"तीन नंबरचं लेबल काळं हुतं," रत्नदीप म्हणाला. "डिझेलात फडकं भिजव, पूस, आन परत वाच."

इंजिन बंद झालं. पावलं गेली, थोड्या वेळाने आली.

"इंग्रजी बी आहे," ऋषिकेश म्हणाला. "मी आठ टाकला होता." आणि मग, "वळा ना सर तुम्ही. बघा, कसं दिसतं ते."

"तुझा पासवर्ड चालू हाय. आधी काम कर."

कळा वाजल्या. इंजिन पुन्हा सुरू झालं. या वेळी चारही ठोके एका मापात पडत होते. पाठीवर व्हिजिटर लिहिलेला तो माणूस भिंतीकडे तोंड करून मान किंचित तिरकी ठेवून ते ऐकत राहिला, चांगलं मिनिटभर. ऋषिकेश थांबला होता. मग मागे लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला, आणि तेव्हाच रत्नदीप वळला.